सिस्टरांचा निरोप्या

आमच्या सिस्टर मेलेल्या माणसाला कधी 'सिरीयस' म्हणाल्या नाहीत. कुवेतमध्ये चार वर्षं काढलेल्या कुणालाही याचा अर्थ फोड करून सांगायला नको. गावाकडं माणूस जातो, पण इथल्या पोराला कुणी गेला म्हणून सांगत नाही. 'सिरीयस आहे, तिकीट काढ' असं सांगतात. तो बिचारा औषधं घेऊन विमानात बसतो आणि दारातल्या चपलांची गर्दी बघून त्याला काय ते कळतं. सिस्टरांना या रीतीचा फार राग. "विमानभर आशेवर बसवायचं, ही कसली माया?" म्हणायच्या.

सिस्टर लातूरच्या. मी श्रीवर्धनचा, आठवीत शाळा सोडलेला. रिग्गई भागातून नर्सलोकांना सकाळी इस्पितळात पोचवणारी मिनीबस मी चालवतो. सिस्टर बरोबर माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. त्यांनी नर्सिंग करता करता बाहेरून बी.ए. केलं होतं. त्यातलं मराठीत आणलेल्या ग्रीक शोकांतिकांचं एक पुस्तक त्यांनी इथवर आणलं होतं. त्याचं कव्हर कधीच गळून पडलं होतं. गाड्या खोळंबल्या की त्या ते उघडायच्या. बाकीच्या नर्सा डुलक्या काढायच्या. मी ऐकायचो, कारण मला डुलकी काढायची सोय नव्हती.

त्यातलं एक नाटक इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात करावं अशी त्यांची फार इच्छा. सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, लोक जेवायला येतात. त्यांना रडवून पाठवायचं का?" मग सिस्टरांनी ते नाटक आमच्या बसमध्येच बसवलं. मागच्या आठ-दहा जणी म्हणजे कोरस आणि मी निरोप्या. मी घाबरलो. म्हटलं, मला वाचायला वेळ लागतो. "वाचायचंय कुणाला? ऐक आणि बोल. कशाला घाबरायलास?" म्हणाल्या. "तू पुढं बघून बोलतोस. समोरच्याचं तोंड दिसत नाही, तेच बरंय."

त्या नाटकांचे नियम मी असे गाडी चालवताना शिकलो. मरण लोकांसमोर दाखवायचं नाही. ते आत, महालात घडतं आणि निरोप्या येऊन सांगतो. "आधी एका वाक्यात मरण सांगायचं, लेकरा. मग सगळं बारीकसारीक. ऐकणारा तिथं नव्हता ना, त्याला तिथं न्यायचं." कोरसचं काम वेगळं. तो सगळं बघतो, हळहळतो, पण मध्ये पडत नाही. आणि राजा. मी विचारलं, राजानं असं काय वाईट केलं? "वाईट नाही रे, चुकला. माणूस चांगला आहे आणि त्याच्या चांगुलपणातूनच ती चूक निघाली." मग स्वतःशीच म्हणाल्या, "राजा उंचावर असतो म्हणून पडलेला दिसतो. आपण इथं पडलो तर कुणाला दिसायलंय?"

एका सकाळी माझ्या खोलीतल्या मित्रानं मला 'अब्बा सिरीयस आहेत' म्हणून सांगितलं. तरी मी गाडी काढली, कारण एवढ्या जणींची ड्यूटी होती. माझा चेहरा बघून सिस्टरांनी विचारलं आणि आमच्या घरी स्वतः फोन लावला. गाडी बाजूला घ्यायला लावली. "मुनीर, तुझे अब्बा गेले," म्हणाल्या. मग पुढं सगळं सांगितलं. पहाटे उठले होते, अर्धा कप चहा घेतला, तुझ्या बहिणीला म्हणाले दार उघड, वारा येऊ दे. डोकं तिच्या मांडीवर होतं. दुपारी दफन आहे, तू पोचणार नाहीस. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. माझ्या बापाजवळ मी जेवढा होतो, तेवढा सिस्टरांमुळं होतो.

पुढच्या वर्षी सिस्टर ड्यूटी संपल्यावर मला दुसऱ्या एका इस्पितळापाशी सोडायला सांगू लागल्या. मैत्रीण आहे म्हणायच्या. ते इस्पितळ कॅन्सरचं आहे हे मला माहीत होतं. मागच्या नर्सांनाही माहीत होतं. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

मग एक दिवस त्या ड्यूटीवरच कोसळल्या. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा ओंकार पुण्यात, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेला. सिस्टर म्हणाल्या, "त्याचा शेवटचा पेपर होऊ दे. तोवर तुला फोन केला तर सांग, आई डबल ड्यूटी करते." मी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नव्हतं. ओंकारनं दोनदा फोन केला. दोनदा मी डबल ड्यूटी सांगितली.

शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी मी कॉटजवळ बसलो होतो. सिस्टरांनी डोळे उघडले. "चुकलंच की रे माझं," म्हणाल्या. "बोलाव त्याला." मी फोन लावला तर बंद. पेपर सुरू झाला होता. मी लावत राहिलो. पेपर सुटायच्या आधी त्या गेल्या.

बाहेर नर्सा उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "भाई, आता सिरीयसच सांगा. एकटा आहे तो." तेवढ्यात फोन वाजला. "काका, पेपर मस्त गेला. एवढे मिस्ड कॉल? आईची ड्यूटी संपली का?"

मी भिंतीकडं तोंड केलं. म्हटलं, "ओंकार, तुझी आई गेली."

मग सगळं सांगितलं. कितव्या मजल्यावर, खिडकी कुठल्या बाजूला, शेवटचं काय प्यायल्या, कोणती नर्स हात धरून होती. तुला बोलाव म्हणाल्या तेही. माझं सांगून संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "काका, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. शेवटी त्यानंच ठेवला.

आता तो नोकरीला लागलाय. शुक्रवारी फोन करतो. तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारलेला नाही. आईबद्दल काहीतरी सांगा म्हणतो आणि मी सांगतो. तो ठेवतो म्हणाला की मी म्हणतो थांब, अजून एक आठवलं.