मांजराला दिलेली शेपूट

पुंता सेका गावच्या शाळेत नेरेइदाबाईंची बावीस वर्षं गेली, आणि बावीस वर्षं गावानं त्यांना माशावरून चिडवलं. कोळ्याची लेक ही, पण किनाऱ्यावर पिकुआ उतरला, तो लांबडा दातेरी मासा, की नाक मुरडायची. "बाईंचा नवस आहे," म्हणून बायका हसायच्या. नवस कसला डोंबलाचा! बाई दहा वर्षांच्या असताना त्यांच्या मामानं पिकुआ खाल्ला, आणि पुढे चार महिने त्या धिप्पाड माणसाला गार पाण्याचे चटके बसत होते. माशातलं हे विष वासाला कळत नाही, चवीला कळत नाही, कितीही उकळा, जात नाही. घरात हे पाहिलेलं माणूस आणखी काय करणार?

यंदा तर बाई धास्तावल्याच होत्या. आदल्या वर्षीच्या वादळानं खाडीबाहेरचं प्रवाळ मोडून पडलं. मेलेल्या प्रवाळावर तपकिरी शेवाळ माजलं, ते खायला माशांच्या झुंडी आल्या, आणि झुंडींच्या मागं पिकुआ आले, माणसाच्या छातीला लागतील एवढे. गाव खूश होतं.

त्या दिवशी दुपारच्या शाळेत त्यांनी जाळ्याची दोरी काढली आणि पोरांना गोल उभं केलं.

"तू शेवाळ. तू पोपटमासा, दिवसभर शेवाळ कुरतडणारा. तू खेकडा. तू तांबोशी. आणि तू पिकुआ." कोण कुणाला खातं त्याप्रमाणे दोरी फिरली, आणि बघता बघता मधोमध जाळं झालं. "शेवाळात विष चिमूटभर. पोपटमासा रोज खातो, त्याच्या अंगात ते साठतं. तांबोशी असे शंभर पोपटमासे खाते. मग पिकुआच्या पोटात किती?"

"लई!" पोरं ओरडली.

"आणि पिकुआला कोण खातं?"

"आम्ही!" किरिनो कोळ्याची आनिएल्का ऐटीत म्हणाली. "बाबांनी पहाटे आणलाय. एवढा मोठा!"

"खाल्लात?" बाईंचा आवाज चिरकला.

"घाबरता काय बाई! आधी मांजराला दिला. मांजर ठणठणीत आहे." गावात सगळेच असं करत, आजे-पणजेही करत आले.

"मांजराला कुठला तुकडा दिला?"

"शेपटीचा. मांजराला कुणी डोकं देतं का? डोक्याचा रस्सा आईला. बाळंतीण आहे ना, दूध यायला पाहिजे. बाकीचा संध्याकाळी तळणार."

दोरी तिथंच टाकून बाई सुटल्या. पन्नाशीची बाई अनवाणी पळतेय हे पाहून होड्यांजवळची माणसं हसली. विष सगळ्यात जास्त डोक्यात आणि काळजात असतं, शेपटीत कमी. आणि ते आईच्या दुधात उतरतं. बाळ वीस दिवसांचं होतं.

किरिनो दारात जाळं विणत बसला होता. "या बाई! आज तरी नवस मोडा!"

"तळू नकोस तो मासा! युदेल्का कुठाय?"

आत किरिनोची म्हातारी आई भांडी आवरत होती. चुलीवरचं पातेलं रिकामं होतं. बाळंतीण युदेल्का खाटेवर बसून बोटानं ओठ चोळत होती.

"ओठांना मुंग्या येताहेत बाई," ती हसून म्हणाली. "ऊन लागलं असेल."

"रस्सा कधी प्यायलीस?"

"अकराला. दोन वाडगे."

बाईंनी तिच्या मांडीवरच्या बाळाकडं पाहिलं. ते गाढ झोपलं होतं, ओठांच्या कडेला दूध होतं.

"त्यानंतर पाजलंस?" बाईंनी विचारलं.

म्हातारीनं भांडं खाली ठेवलं आणि कौतुकानं पुढं आली.

"दोनदा! एरवी रडून जीव खातो, आज पोट टम्म होईस्तोवर प्यायला. रश्शाचा गुण हो बाई, रश्शाचा गुण."