कोंडाबाईची फेरी

कोंडाबाईला पाण्याची भीती ठाऊकच नव्हती. बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला तिचं माहेर. पूल व्हायच्या आधी नदी फुगली की माणसं गुळाच्या काहिलीत, त्या पसरट गोल कढईत, बसून पल्याड जायची, आणि ती काहील हाकायचा कोंडाबाईचा बाप. बापाला ताप आला की ही. पुढं लग्न होऊन नांदेडात आली आणि तिच्या वाट्याला पाणी म्हणून नळ तेवढा उरला, तोही एक दिवसाआड.

असो. तर हिचा लेक सुगत, कचेरीत कारकून. त्यानं मागल्या उन्हाळ्यात हवा भरायची, दोघांपुरती कयाक होडी आणली. मे महिन्यातल्या रविवारी तो आणि त्याची बायको महामाया, दोघं तलाव गाठायचे, आणि कोंडाबाई बाभळीखाली डबे अन् चपला राखत बसायची.

बसायची म्हणजे काय, जीव खायची.

“ही कुठं जाती रं?”

“कुठंच न्हाई, माय. फिरून येतो.”

“पाण्यात काय बाजार भरलाय फिरायला? आन् ही लांबुडकी कामून? गोल का न्हाई केली?”

सुगत हवा भरत राहायचा. खरं तर तिला एकच गोष्ट हवी होती. एकदा, एकटीनं, ही होडी हाकून बघायची. गोल भांडं हाकलेला हात लांब भांड्याला चालतो का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. सुगत तिच्या गुडघ्यांकडं बोट दाखवायचा आणि विषय मिटवायचा.

यंदा मात्र बाई हटून बसली. “तुमच्या चपला तुमी राखा. मी न्हाई येत.”

आता आईपुढं कोणाचं चाललंय? सुगतनं अट घातली. आधी तो मागं बसणार, ती पुढं. पाण्यातल्या वाळक्या झाडापर्यंत सरळ न्यायची आणि परत आणायची. जमलं तर एकटीनं जावं. नाही जमलं तर पुन्हा ह्या होडीचं नाव काढायचं नाही.

“हाव,” कोंडाबाई म्हणाली. लुगडं खोचून, वर ते तरंगायचं केशरी जाकीट चढवून ती बसली.

आणि पहिल्याच हिसक्याला फजिती. काहिलीत पुढ्यातलं पाणी आपल्याकडं ओढायचं असतं; हिनं तेच केलं. कयाक गरकन फिरली. पुन्हा ओढलं, पुन्हा फिरली. काठावर महामायेनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

“झालं, माय. उतर आता.”

“थांब जरा.”

तिला राग आला होता, पण रागापेक्षा नवल मोठं होतं. ह्या होडीचं म्हणणं तरी काय? डावीकडं वल्हं मारावं तर ही उजवीकडं जाते. उजवीकडं मारावं तर डावीकडं.

“आगं बया, हिला तोंड हाय!”

काहिलीला तोंड नसतं. हाकणारा जिकडं बघेल तिकडं तिचं तोंड. ही मात्र आपलं तोंड घेऊन जन्मलेली. म्हणजे तोंडाच्या नादी लागायचं नाही, दोन्ही कुशींना सारखं हाणायचं. मग नागमोडी का होईना, कोंडाबाई झाडाला शिवून परत आली.

सुगत शब्दाला जागला. त्यानं आपलं जाकीट काढून आत टाकलं आणि उतरला. ती मागं सरकून बसली आणि एकटी निघाली.

वाळकं झाड आलं. गेलं. काठावरून सुगत हाका मारत होता, आणि तिला त्या ऐकू येत नव्हत्या असं म्हणणं लबाडीचं होईल. पण तिच्या हाताला पाणी म्हणजे पल्याड, एवढंच ठाऊक होतं. तिला लई बरं वाटत होतं.

पल्याड एक बाई गाठोडं घेऊन उभी होती. रत्नम्मा तिचं नाव. “अल्याड नेता का वो?” तिनं विचारलं. “लेक दिलीय तिकडं. सडकेनं लई वळसा पडतोय.”

कोंडाबाईनं पुढच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. रिकामी काहील परत आणली की बाप दिवसभर बोलायचा नाही.

“हे जाकीट घाल आधी,” ती म्हणाली. “आन् हलू नको.”

इकडं सुगतचा जीव टांगणीला लागला होता. ‘पुन्हा कधी होडीत बसवणार न्हाई,’ हे वाक्य त्यानं दातात धरून ठेवलं होतं. कयाक काठाला लागली. त्यानं तोंड उघडायच्या आत रत्नम्मा उतरली, लुगड्याचा काठ पिळला आणि त्यालाच म्हणाली, “लेकराला बघून येते. दिस मावळायच्या आत परत सोडतील का ह्या?”

कोंडाबाई वल्हं मांडीवर घट्ट धरून लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली.

दातातलं वाक्य सुगतनं गिळलं.

“सोडतील,” तो म्हणाला. “आमी थांबतो.”