उभा प्रवासी आणि शेवंती

निवृत्ती सोनकांबळे कुणावरही विश्वास ठेवत नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो आहे आणि इथेही सांगतो. मी मुखेड डेपोचा ड्रायव्हर, तो कंडक्टर. नोकरीची बरीच वर्षं आमची जोडी मुखेड–अंबाजोगाई गाडीवर होती. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मी त्याला आजही मास्तर म्हणतो आणि तो मला स्वामी. माझं नाव भीमाशंकर आहे, पण ते फक्त आमच्या आईला आठवायचं.

मास्तरचा संशय नोकरीत कामाला यायचा. एखादी बाई पोराचं वय चोरायला लागली की हा पोराला सीटवर बसवून त्याचे पाय कुठवर पोचतात ते बघायचा. झोपेचं सोंग घेतलेला माणूस पापण्यांवरून ओळखायचा. रिटायर झाल्यावर तिकिटं संपली, संशय तेवढा शिल्लक राहिला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आम्हा जुन्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, सगळे त्यात आले, मास्तर नाही. म्हणे, "तिथं माझा नंबर सगळ्यांला दिसतो." अरे बाबा, त्या सगळ्यांकडे तुझा नंबर आधीच आहे! पण ऐकेल तर शपथ. मी नाद सोडून दिला होता.

मग मास्तरच्या बायकोचा, सरजावहिनींचा गाल दुखायला लागला.

दुखायला लागला म्हणजे कसा, तर बोलता बोलता बाईचा चेहरा एकदम थिजायचा, हात गालापाशी जायचा, पण गालाला लागायचा नाही. वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ. घास चावला की कळ. आधी सगळ्यांना दातच वाटला, चांगल्या दोन दाढा काढून झाल्या. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही चेहऱ्याच्या नसेची कळ आहे. गोळ्यांनी काही दिवस भागलं, पण गोळ्यांनी बाई दिवसभर पेंगायची. मग डॉक्टर म्हणाले, कानामागून डोकं जरासं उघडून नसेवरचा दाब काढता येतो, हैदराबादला करतात. वहिनींनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली.

"जिचं झालंय अशी बाई मला दाखवा. तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी डोकं उघडू देणार न्हाई."

आता अशी बाई आणायची कुठून? मुखेडमध्ये कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. त्यांची थोरली लेक धम्मप्रिया नांदेडला नर्स आहे. तिने फोनवर एक जागा शोधून दिली. आनंदराज नावाच्या नांदेडच्याच एका प्राध्यापकाला हा त्रास होता, त्याने अशा रुग्णांसाठी मराठीत एक चर्चेची साइट चालवली होती. निळ्या ओळी, करड्या चौकटी, एखाद्या कचेरीतल्या नोटीस बोर्डासारखं दिसणं. मला तर ते बघूनच वाटलं की इथे काही अर्थ नाही.

मास्तरला मात्र ते पटलं. "नटूनथटून जे येतं न स्वामी, त्याला काहीतरी विकायचं असतंय. ह्याला काही विकायचं दिसंना."

तरी तो लगेच आत शिरला नाही. त्या साइटवर नाव न नोंदवता सगळं वाचता यायचं. मास्तर कित्येक दिवस नुसता वाचत बसला. कोण खोटं बोलतंय, कोण औषध खपवतंय, हे तो हुडकायचा. अखेरीस नाव नोंदवायला बसला, तर मला बोलावून घेतलं. फोन वरखाली करत होता.

"आडनावाचं खानं कुठंय?"

"नाहीच की. एक टोपणनाव टाक, पासवर्ड टाक, झालं."

"आडनाव मागत न्हाईत?"

"नाही म्हणतोय न मी!"

तो बराच वेळ त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिला. मग टोपणनाव लिहिलं, उभा प्रवासी.

तिथे त्याला शेवंती भेटली. तेही टोपणनावच. तिचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. वहिनी तोंड न हलवता पुटपुटत प्रश्न सांगायच्या, मास्तर लिहायचा, शेवंती उत्तर द्यायची. डोक्याचे सगळे केस काढतात का? नाही, कानामागचे तेवढेच. चक्कर येते का? आठवडाभर येते. शुद्धीवर आल्यावर आपली माणसं ओळखू येतात का? यावर शेवंतीने लिहिलं, "सासूबाईंना मी लगेच ओळखलं, नको असताना." वहिनींना हसू आलं आणि हसल्याबरोबर कळ आली. पण त्या दिवसापासून त्या म्हणायला लागल्या, की हिच्याशी एकदा समोरासमोर बोलले तर मी तयार आहे.

मास्तर ते विचारणार, तेवढ्यात साइटच बदलली.

झालं असं की कुणी एक भोंदू रुग्ण बनून तिथे शिरला आणि तेल विकायला लागला. आनंदराजने वैतागून सगळा कारभार एका नव्या अ‍ॅपवर नेला. जुनी साइट फक्त वाचण्यापुरती राहिली. नव्या अ‍ॅपवर पूर्ण नाव, आडनाव, गाव, मोबाइल नंबर आणि फोटो, सगळं सक्तीचं. त्याशिवाय आत नाही. मला तर ते आवडलं. देखणं होतं, रंगीत होतं, आणि माणूस कोण ते कळत होतं. मी मास्तरला म्हटलं, एवढं काय त्यात, लिही की आडनाव.

"तुला काय जातंय म्हणायला? तू स्वामी."

मला लातूरची खोली आठवली. पूर्वी आमची काही महिने लातूरला बदली झाली होती. मास्तरने खोली बघितली, मालकाने चावी हातात दिली, पाणी कधी येतं तेही सांगितलं. मग सहज विचारावं तसं त्याने आडनाव विचारलं. मास्तरने सांगितलं. आणि मालकाला एकदम आठवलं की ही खोली त्याच्या भावाने आधीच कुणाला तरी कबूल केली आहे. मी तिथेच उभा होतो. त्या माणसाचा मला आजही राग येतो. मास्तरने चावी परत दिली आणि मला म्हणाला, "चल, गाडीची वेळ झाली." वेळ झाली नव्हती.

मास्तर अ‍ॅपवर जाईना. रोज जुनी साइट उघडून तेच तेच वाचायचा. शेवटी एका दुपारी वहिनींनी पातळ केलेला वरणभातसुद्धा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "टाका आडनाव. मला जेवायचंय."

त्याने टाकलं. कॅमेऱ्यावरची पट्टी काढून फोटोही काढला, त्यात तो आरोपीसारखा दिसत होता. आत गेल्या गेल्या लिहिलं, "शेवंतीताई, मीच उभा प्रवासी. तुमच्याशी बोलायचं आहे." बाकीच्यांनी स्वागत केलं, फुलं पाठवली. शेवंतीचा पत्ता नाही. एक दिवस, दुसरा दिवस, आठवडा गेला.

"वाचलं तिनं," मास्तर म्हणाला. "आडनाव वाचलं. संपला इषय."

"तू सगळ्या जगाला एका मापात मोजून राहिलास," मी चिडलो. "तिला अ‍ॅप जमत नसंल. फोन बिघडला असंल."

"हाव. आणि खोली भावानं आधीच दिली असंल."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पण वहिनी हटल्या नाहीत. म्हणाल्या, तिचं जुनं लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवा, सगळं. मास्तर वाचत गेला. एका जागी शेवंतीने लिहिलं होतं की तपासणीला जायला तिला काही अडचण पडत नाही. गावाला थांबा नाही, पण घरासमोर लिंबाखाली हात केला की गाडी थांबते, पिठाच्या गिरणीचा आवाज बंद असला तर हॉर्न घरात ऐकू येतो. मास्तर वाचायचा थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. रेणापूरच्या पुढे, लिंब आणि गिरणी. तिथे मी किती वेळा ब्रेक मारला असेल आणि मास्तरने किती वेळा कुरकुर करत दार उघडलं असेल!

आम्ही तिघं एसटीनेच निघालो. वहिनींना खिडकीपासून लांब बसवलं, तोंडाभोवती शाल.

गिरणीपाशी उतरलो आणि मी शहाण्यासारखं गिरणीवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "डोक्याचं ऑपरेशन झालेली बाई इथं कुठं राहते ओ?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही पोराकडचे का?" म्हणाला. मला काही कळलं नाही. त्याने समोरच्या घराकडे बोट केलं आणि आमच्या आधी स्वतःच तिकडे धावला.

आम्ही पोचलो तेव्हा घरमालक ग्यानोबा खुर्च्या पुसत होता. शेतकरी माणूस, अंगात घाईघाईने चढवलेला सदरा. दारात त्याची बायको सिंधु उभी, पदर कानावरून घट्ट ओढलेला. मी विषय काढला तशी ती म्हणाली, "ऑपरेशन? कुणाचं? आमच्यात कुणाचं साधं डोकं बी दुखत न्हाई." ग्यानोबा लगेच सांगायला लागला की त्यांची पुनम बी.एससी. झाली आहे, आणि घराण्यात आजवर कुणाला कसला आजार नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात सोयरीक जुळायच्या आधी मुलाकडचे कुणी तरी न सांगता गावात चौकशीला येतात. गिरणीत विचारतात, हॉटेलात विचारतात, घराण्यात काही खोट आहे का बघतात. दोन म्हातारे आणि शाल गुंडाळलेली बाई, आल्या आल्या डोक्याच्या ऑपरेशनची विचारपूस! पोरीच्या आईचं डोकं उघडलेलं आहे हे कळलं तर सोयरीक मोडायला एवढं पुरे. ती अ‍ॅपवर का आली नाही, हे तिथेच कळलं. नाव, गाव आणि फोटो ती कशी देणार होती?

पण मास्तरला हे कळेना. तो उठला. "चल स्वामी. ओळख द्यायची न्हाई बाईला. आपण जाऊ."

"बसा बसा, पाव्हणे," ग्यानोबा गडबडला. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून त्याने टेबलफॅन उचलून आमच्याकडे वळवला आणि सुरू केला. वारा सरळ वहिनींच्या शालीत शिरला. त्यांचा चेहरा थिजला. हात गालापाशी गेला आणि गालाला न लागता तसाच थांबला.

सिंधु दारातून झेपावली. पंख्याच्या आणि वहिनींच्या मधे पाठ करून उभी राहिली. "बंद करा ओ ते! आधी बंद करा!" ग्यानोबाने बटण दाबलं. ती तशीच उभी होती. कळ ओसरेपर्यंत तिने वहिनींना हात लावला नाही, काही विचारलं नाही. ओसरल्यावर हळूच म्हणाली, "उभा प्रवासी तुमचे का?"

वहिनींनी पापण्यांनी हो म्हटलं. दोघी आत गेल्या आणि दार लोटलं.

बाहेर आम्ही तिघं. चहा आला, कप सगळ्यांचे सारखे. मास्तरने ते बघितलं, मी त्याला बघताना बघितलं. मग ग्यानोबाने आमच्याकडे सगळेच विचारतात ते विचारलं. "पाव्हण्यांचं आडनाव काय म्हणायचं?"

मी चटकन पुढे झालो. "मी स्वामी. मुखेडचा. हे माझे मास्तर."

मास्तरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फुकट्या प्रवासी आहे. कप खाली ठेवला. "सोनकांबळे," तो म्हणाला.

"हं," ग्यानोबा म्हणाला. रस्त्याकडे बघितलं. "चहा घ्या, गार व्हायलाय."

परतीच्या गाडीत मास्तर मला सारखा विचारत होता, तो 'हं' कसला होता? आणि चहा आडनाव विचारायच्या आधी ओतला होता, नंतर ओतला असता तर? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. वहिनी मधेच बोलल्या, "तिनं न्हाई विचारलं माझं. केस वर केले, कानामागची खूण दाखवली आन् माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. मी करणार हाय."

ऑपरेशन झालं. चक्कर आठवडाभर आली, शेवंतीने सांगितल्याप्रमाणे. आता वहिनी कडक भाकरी ठेच्याबरोबर खातात, पंख्याखाली बसून.

परवा मी गेलो तेव्हा मास्तर अ‍ॅप उघडून बसला होता. जालन्याकडच्या कुणी तरी विचारलं होतं, ऑपरेशन झालेल्या बाईशी बायकोला बोलायचं आहे, आहे का कुणी? मास्तर म्हणाला, "हा कोण आहे कुणास ठाऊक. चौकशीला फिरत असंल. त्या सिंधुबाईचं नाव मी मेलो तरी सांगणार न्हाई."

वहिनींनी हात पुढे केला. "तिचं कामून सांगता? तिच्या पोरीचं लगीन व्हायचंय. आपल्या पोरी नांदून राहिल्या. माझं नाव लावा. आडनावासकट."

अ‍ॅपने फोटो मागितला. मास्तरने फोन समोर धरला. वहिनींनी केस वर केले आणि तोंड फिरवून कानामागची खूण कॅमेऱ्यापुढे धरली.