आर्लिसचे आठ आकडे

आर्लिस ट्वाइट अडतीस वर्षांची असताना मिनेसोटातला तिचा मटार डबाबंद करण्याचा कारखाना बंद पडला. तिने दोन वर्षांचा तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि आमच्या हार्ड डिस्कच्या प्रयोगशाळेत आली. माझं टेबल तिच्या शेजारीच होतं. जेवणाच्या डब्यात बहुतेक आदल्या रात्रीचे नूडल्स आणि ट्यूना मासा असायचा. बोलणं कमी. तिच्या हाताखालून गेलेली चाचणी मात्र कुणाला पुन्हा करावी लागायची नाही.

शहाण्णवच्या हिवाळ्यात आम्ही नवं मॉडेल करत होतो. तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती दाटीने बसवायची होती. पण परत वाचताना चुका व्हायच्या. तबकडीवर चुंबकाची दिशा उलटली की एक, नाही उलटली की शून्य. तबकडी वाचणाऱ्या हेडकडून सिग्नल यायचा, त्यातल्या खरखरीतून डिकोडरने ते ओळखायचं. डिकोडर ग्रेडन पोलने बनवलेला. डॉक्टरेट झालेला, हुशार, जरा तापट. खरखर सिग्नल मोठा करणाऱ्या अँप्लिफायरमधून येते, असं त्याचं ठाम मत होतं. तीन महिने तो अँप्लिफायर बदलत होता आणि चुका होत्या तेवढ्याच होत्या.

आर्लिसने फक्त चुकांची बेरीज कळवायची होती. ती प्रत्येक चुकीपुढे तिथे मुळात काय लिहिलं होतं तेही टिपत गेली. एका बुधवारच्या बैठकीत तिने एक कागद पुढे सरकवला. एक-शून्याच्या तीन-तीन खुणांच्या आठ जोडण्या, आणि प्रत्येकीपुढे तिथे सिग्नल किती थरथरतो त्याचा आकडा.

"हे करायला कोणी सांगितलं तुला?" ग्रेडनने विचारलं.

"कोणी नाही. पण बघ ना, दिशा लागोपाठ उलटते तिथे खरखर दुप्पट आहे. उलटतच नाही तिथे जवळजवळ नाहीच. आणि तुझा डिकोडर सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवतो."

"एखादी तबकडी खराब असेल."

"असेल. मग किती तबकड्या बघू, ते सांग."

"दहा बघ," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. आर्लिस हसली नाही. तिने आकडा लिहून घेतला.

पुढच्या बुधवारी तिच्याकडे पहिली धरून अकरा तबकड्यांचे कागद होते. सगळ्यांवर तोच प्रकार. शिवाय तिने हेड तबकडीवरून बाजूला घेऊन नुसत्या अँप्लिफायरची खरखर मोजली होती. ती अगदीच थोडी निघाली.

"म्हणजे तीन महिने मी..." ग्रेडन थांबला.

"अँप्लिफायर चांगला झालाय की," आर्लिस म्हणाली. ती हे मनापासून म्हणत होती, म्हणूनच त्याला जास्त लागलं असावं.

तो कागद घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसला. त्याने डिकोडरला ते आठ आकडे शिकवले होते: जिथे खरखर जास्त असते तिथे सिग्नल थोडा भरकटला तरी बिचकू नकोस, जिथे कमी असते तिथे जरासाही फरक गंभीरपणे घे. साठवून ठेवलेले जुने सिग्नल दोघांनी पुन्हा त्यातून काढले. पूर्वी शंभर चुका होत होत्या तिथे एकतीस झाल्या.

"पुन्हा लाव," आर्लिस म्हणाली. पुन्हाही एकतीसच.

याच दिशेने इतरत्रही लोक काम करत होते, हे आम्हाला नंतर कळलं. पण आमचं मॉडेल वाचलं ते त्या कागदामुळे.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा आमचा साहेब म्हणाला, "तंत्रज्ञांची नावं आपण आभारात घालतो."

"मग माझंही आभारातच घाल," ग्रेडन म्हणाला. "लेखकाची जागा रिकामी ठेव."

अहवालावर दोन नावं आली, तिचं पहिलं. वसंतात तिला मुख्य कचेरीत बोलावलं. चाळीस इंजिनिअर समोर बसले होते. हे सुचलं कसं, असं एकाने विचारलं.

"मला बेरीज मागितली होती," आर्लिस म्हणाली. "बेरजेआधीचे आकडे मी फेकले नाहीत, एवढंच."

मग ती तासभर फळ्यापाशी उभी राहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. खडू मागायला म्हणून एकदाच थांबली.