गोदाचा खोकला

गोदाला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही. तंजावरला माहेरी असतानाही ती जेवता जेवता उठून मागचं दार लागलंय का ते बघून यायची. लग्न होऊन मद्रासला आली, पुढं त्या गावाचं नाव चेन्नई झालं. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत तिचा संसार वीस वर्षं चालला. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी आसपासची दहा-बारा मुलं गणित शिकायला येत, आणि शिकवताना ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राही. एखादं उदाहरण अडलं की तिला घास उतरत नसे. मुलांना घरी पाठवलं तरी ती चुलीपाशी पुटपुटत असे, आणि उत्तर सापडलं की कुणाच्या तरी दारावर थाप मारून सांगून येई.

नवरा वादिराज अगदी उलट. शांत, मोजून बोलणारा. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान प्रयोगशाळा होती. मोठ्या औषध कारखान्यांना लागणारे अर्धे तयार पदार्थ तिथं थोड्या थोड्या प्रमाणात बनवून तपासत. वादिराज तिथला जुना केमिस्ट. दोन हजार तीनच्या जानेवारीत तिथं नवं काम आलं. कधी नव्हे तो त्या दिवशी उत्साहानं बोलत घरी आला.

"पांढरी पावडर आहे गोदा. सिक्स-एपीए म्हणतात. पेनिसिलिनच्या घराण्याचं मूळ. हिच्यापासूनच ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सगळी लेकरं."

"विषारी नाही ना?"

"अगं, औषधाची आई ती. विषारी कशी असेल?"

एप्रिलमध्ये गोदाला खोकला सुरू झाला. आधी नुसती घशात खवखव, मग डोळ्यांना पाणी, मग छातीत कुणी दोरी आवळल्यासारखं. त्या वर्षी शहरात पाण्याचे हाल होते. दिवसाआड लॉरी यायची, कोपऱ्यावर रंगीत घागरींची रांग लागायची. सगळ्यांनी दोष लॉरीच्या पाण्याला दिला. गोदानं पाणी दोनदा उकळून पाहिलं. उदबत्ती बंद केली. कपड्यांचा साबण तीनदा बदलला. मग तिच्या लक्षात आलं की रविवारी बरं असतं. रविवारी शिकवणी नसते, म्हणजे खडूची धूळ! तिनं फळा माळ्यावर टाकला आणि मुलांना वहीत शिकवायला लागली. सोमवारी संध्याकाळी पुन्हा तेच.

एका डॉक्टरांनी खोकल्याची औषधं दिली, दुसऱ्यांनी तोंडात ओढायचा पंप दिला. तिसऱ्या डॉक्टरांनी तिचं चुळबुळणं बघून वादिराजला बाजूला घेतलं. घरी येताना बसमध्ये तो हळूच म्हणाला, "ते म्हणतात, थोडं मनाचंही असतं."

"म्हणजे मी मुद्दाम खोकते?"

"तसं कुठं म्हणालो?"

"मग काय म्हणालात?"

त्यानंतर खोकला आला की गोदा मोरीत जाऊन दार लावून घेई.

नवरात्रात ती तंजावरला भावाकडं गेली. शेषाद्रीअण्णा शाळामास्तर, त्यांना सरकारी क्वार्टर होतं. तिकडच्या रीतीनं पायऱ्यांवर बाहुल्या मांडून झाल्या, रोज बायका हळदीकुंकवाला येत, गोदा रांगोळी काढी, प्रसादाला हरभऱ्याचं सुंडल परती, गाणीही म्हणे. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "वन्सं, आल्यापासून तुम्ही खोकलाच नाहीत की!" खरंच, तीन दिवसांत पंपाला हात लावावा लागला नव्हता. पण तिला त्यात सुख वाटेना. चेन्नईत नवऱ्याजवळ छाती आवळते आणि माहेरी मोकळी होते, याचा अर्थ डॉक्टर म्हणाले तोच की काय? घर नकोसं झालंय का आपल्याला? ती अंगणात येरझाऱ्या घालत राही.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सकाळी वादिराज आला. आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेतूनच परस्पर बस पकडली होती, अंगावर कामाचाच शर्ट. तो हातपाय धुवायला गेला. गोदानं शर्ट उचलला, आणि चेन्नईत पाणी नसायचं तेव्हा लागलेल्या सवयीनं, आणखी एक दिवस चालेल का हे बघायला, तो दोनदा झटकला.

पाच मिनिटांत तिचा श्वास अडकला. ओठ निळसर झाले. वहिनीनं पंप शोधून आणला, अण्णा रिक्षा बघायला पळाले. पंपानं हळूहळू छाती सुटली तेव्हा गोदा पायरीवर बसली होती, आणि पहिल्यांदाच अगदी हललीही नव्हती. ती हिशेब मांडत होती. इथं लॉरीचं पाणी नाही. खडू नाही. साबण वहिनीचा. आज या घरात नवीन एकच गोष्ट आली.

वादिराज ओल्या केसांनी समोर उभा होता, घाबरलेला.

"माझ्याजवळ येऊ नका," ती म्हणाली.

"गोदा, काय झालं?"

"तुमच्या कपड्यांत काहीतरी आहे. रविवारी तुम्ही कामाला जात नाही. रविवारी मी बरी असते. अय्यो, सहा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं!"

"मी तर हातानं ती पावडर उचलतो. मला कधी शिंकसुद्धा आली नाही."

"तुम्हाला नसेल आली."

शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोघं चेन्नईला परतली. दुसऱ्याच दिवशी गोदा त्याच्याबरोबर अंबत्तूरला गेली, पण फाटकाबाहेरच थांबली. नित्या नावाची नवी केमिस्ट मुलगी बाहेर आली. नुकतीच कॉलेजातून आलेली, तमिळमध्ये भरभर बोलणारी. तिनं सगळं ऐकलं, आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. त्यात पावडरीसोबत आलेला सुरक्षेचा इंग्रजी कागद होता.

"मामी, ऐका," ती बोट ठेवून अर्थ सांगू लागली. "ही धूळ श्वासातून गेली तर काहींना दमा होतो. सगळ्यांना नाही. पण शरीरानं एकदा तिला शत्रू ठरवलं की मग कणभरही पुरतो. वजन करताना धूळ ओढून घेणारा पंखा चालू हवा, मास्क हवा. सांडलं तर झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत."

"इथं काय करतात?"

नित्या ओशाळली. "पंख्यानं तराजूचा काटा हलतो म्हणून मालक तो बंद ठेवतात. ॲप्रन ज्यानं त्यानं घरीच धुवायचे, असा नियम आहे."

कागदाच्या तळाशी सह्यांची रांग होती. तिसरी सही वादिराजची.

"सही सगळेच करतात," तो म्हणाला. "वाचतं कोण?"

छातीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि नित्या म्हणाली तेच सांगितलं. वर एक बजावलं: "या बाईंना पेनिसिलिनच्या घराण्यातलं कुठलंही औषध आता द्यायचं नाही. साध्या दातदुखीलाही नाही. जीवावर बेतेल." तशी चिठ्ठी लिहून त्यांनी ती कायम पर्समध्ये ठेवायला सांगितली.

मग वादिराज कपडे प्रयोगशाळेतच बदलू लागला. आंघोळीला तिथं पाणी नव्हतं. मालकानं मोठ्या मनानं दोन बादल्या मंजूर केल्या. तरी गोदाची छाती भरून येई. पावडर केसांत राही, घड्याळाच्या पट्ट्यात राही, स्कूटरच्या सीटवर राही. तो बाहेरच्या खोलीत जेवू लागला, तिथंच झोपू लागला. दोन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांना चुकवत वावरत. तो घरात शिरला की ती गच्चीवर जाई, आणि तिथं वाळत घातलेल्या साड्यांमधून फेऱ्या मारी. कुणी विचारलं तर म्हणे, गरम होतंय.

पोंगल झाल्यावर एके दुपारी तो अवेळी घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "सोडून आलो."

"सोडलं? सतरा वर्षांची नोकरी?"

"दुसऱ्या विभागात घ्या म्हटलं. दुसरा विभागच नाही म्हणाले."

कोडंबाक्कमच्या एका शाळेत त्याला प्रयोगशाळा सहायकाचं काम मिळालं. मुलांसाठी परीक्षानळ्या मांडायच्या आणि विसळायच्या. पगार निम्म्याहून कमी. त्यानं तक्रार केली नाही, आणि गोदाला त्याच गोष्टीचा जास्त त्रास होई. तिची छाती मोकळी झाली, पंप कपाटात गेला, शिकवणीला फळा पुन्हा आला. पण नवरा परीक्षानळ्या विसळतो ते आपल्या श्वासापायी, हे तिच्या मनातून जाईना. नित्यानं भांडून जुन्या प्रयोगशाळेत कपडे बदलायची खोली करवून घेतली, ॲप्रन धुवायला बाहेर जाऊ लागले, ही बातमी आली त्या दिवशी ती म्हणाली, "बघा, एक बाई मरता मरता वाचली तेव्हा यांना खोली सुचली."

वादिराजनं हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाला, "गोदा, मी तो कागद वाचला होता."

"कुठला?"

"सही केली तेव्हाच. कपडे घरी नेऊ नका, हेही वाचलं होतं. वाटलं, असं सगळ्याच कागदांवर लिहितात. तू खोकायला लागलीस तेव्हा एकदा मनात आलंसुद्धा. मग म्हटलं, मला काही होत नाही तर तुला कसं होईल? खरं निघालं तर काय, म्हणून पुन्हा तो कागद उघडलाच नाही."

गोदानं चपला घातल्या आणि ती निघाली. टी. नगरच्या साडीच्या दुकानांसमोरची गर्दी तिनं दोनदा तुडवली, पानगल पार्कला तीन वळसे घातले. मोरीत दार लावून खोकलेले ते सगळे दिवस तिच्या अंगावर धावून येत होते. "थोडं मनाचंही असतं," हे तो म्हणाला तेव्हा त्याला ठाऊक होतं? की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? दोन्हींत फरक आहे की नाही, हे उदाहरण तिला सुटेना.

ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलं दारात ताटकळली होती आणि वादिराज त्यांना अपूर्णांक समजावत होता, चुकीच्या पद्धतीनं.

"सरका," ती म्हणाली, आणि खडू त्याच्या हातून घेतला.

त्या गोष्टीवर दोघं पुन्हा बोलली ती चार दिवसांनी, मग अधूनमधून, कधी भांडून तर कधी नुसती हळू आवाजात. ती त्याला सोडून गेली नाही. माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. संध्याकाळी तो शाळेतून आला की मात्र ती अजूनही हातातलं काम थांबवून पाच मिनिटं उभी राहते आणि आपल्याच श्वासाकडं कान देते. त्यालाही ते माहीत आहे. तोवर तो चपलाही काढत नाही.