खिळ्यावरचा लाल टॅग

तंबीचा पंख कसा मोडला, हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तंबी म्हणजे माझं कॉकटील पाखरू — राखाडी अंगाचं, पिवळ्या तुऱ्याचं. त्याला उडता येत नाही. खोलीभर चालत फिरतो, माझ्या चपलेवर चढून बसतो. शेजारचे म्हणतात, "अपंग पाखराला काय जपतो हा! केवढी माया!" हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. माया? माझी?

जरा मागून सांगतो — सरळ सांगायला जीभ रेटत नाही.

मी उदगीरकडचा. नववीत शाळा सोडली आणि भटकत भटकत तमिळ मुलखात श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर लागलो. कंपनीची बस जिथून सुटायची त्या आवडी गावात एकट्या पोराला कुणी खोली देईना. एकदा किराणा दुकानापुढे आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून एक म्हातारी म्हणाली, "तू आमच्यातला की रे?" तंजावरकडची मराठी, अर्धी तमिळ, अर्धी कुठल्या जुन्या काळातली. त्याच संध्याकाळी तिच्या घरातली मागची खोली मला मिळाली. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला अप्पा. कंपनीच्या बसमधून उतरून आलो की आधी पुढ्यात रसम-भात. हिचे उपकार कसे फेडायचे, असं रोज वाटायचं. फेडले ते असे.

तंबी तिचा. दिवसभर घरात मोकळा उडायचा, आणि वर छताला फॅन. मला धास्तीच बसायची. आमच्याकडे मशीनमध्ये कुणाचा हात असला की स्विचवर लाल टॅग लटकवतात. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावला तर नोकरी गेली. तसला एक टॅग मीच अक्काला आणून दिला. तंबी बाहेर असला की टॅग फॅनच्या स्विचवर, पिंजऱ्यात गेला की भिंतीतल्या खिळ्यावर. अक्का येईल-जाईल त्याला दाखवायची, "आमच्या अप्पाचं डोकं बघा!" शाळा सोडलेल्या पोराची छाती अशानं किती फुगते, कल्पना आहे तुम्हाला?

मे महिन्यातली दुपार. पहिली शिफ्ट करून आलो होतो, अंगाचा नुसता चिकट लगदा. स्विचवर टॅग होता. अक्का स्वयंपाकघरात. एक हाक मारायची होती — अक्का, तंबी कुठंय? एवढंच. पण मी मनात म्हणालो, म्हातारी टॅग काढायला विसरली परत. काढला. बटण दाबलं.

तंबी कपाटावर होता. मी आलो की तो खांद्यावर यायचा. तसाच आला.

पण थांबा — मी सांगायला बसलोय ते हे नाही. चूक कुणाकडूनही होते. मी बटण बंद केलं, आणि अक्का पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत हातातला टॅग खिळ्यावर अडकवला. न चुकता. नीट, सरळ. पाखरू खाली फडफडत होतं आणि मी आधी टॅग अडकवला!

अक्कानं तंबीला ओच्यात घेतलं. मग खिळ्याकडे पाहिलं. "अय्यो... मी लावलाच नाही की रे, अप्पा?"

"राहिला असेल, अक्का," मी म्हणालो.

ती रागावली असती का? नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं.

आठवड्यात तिचा मुलगा बेंगळुरूहून आला. माझ्यासमोर तिला म्हणाला, "आज टॅग विसरलीस, उद्या गॅस विसरशील. इथं एकटी राहायचं नाही." केवढा संताप आला मला त्याचा! आईशी असं बोलतात? — हे कोण म्हणतोय, तर मी. त्याच्या हातात ती काठी दिली कुणी? अक्का भांडली नाही. एरवी सगळ्या गल्लीला पुरून उरणारी बाई मान खाली घालून म्हणाली, "सरी, बरं. माझंच डोकं गेलं." घर भाड्यानं गेलं. अक्का बेंगळुरूला गेली. जाताना तंबी माझ्या हातात दिला. "तूच सांभाळ. तू नियम मोडत नाहीस."

आता मी दुसऱ्या खोलीत राहतो. उकडलं की फॅन लावतो, खुशाल लावतो. तंबी उडतच नाही, मग टॅग कशाला?

रविवारी अक्काचा फोन येतो. गॅस बंद आहे की नाही, हे ती सुनेला पुन्हा पुन्हा विचारते म्हणे. परवा म्हणाली, "माझ्या हातनं त्या जिवाचं वाटोळं झालं रे." स्पीकरवर तिचा आवाज ऐकून तंबी खाटेच्या कडेवर आला. तुरा उभारला, चांगला पंख पसरला, झेपावला, आणि गरगरत फरशीवर आपटला.

"काय पडलं रे, अप्पा?"

"काही नाही, अक्का," मी म्हणालो.