गाऱ्हाण्यातून वगळलेला शब्द

समस्त मुलुंडकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या बिल्डिंगच्या सत्यनारायणाच्या गाऱ्हाण्यातून ‘चोर’ हा शब्द काढून टाकण्यात आला आहे. दुखवटा पाळायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी पाळला.

कारण तो माझा हुकमी शब्द होता. आमच्याकडे बहुतेक घरं कोकणातली. पूजा आटोपली की एकानं देवापुढे उभं राहून मालवणीत मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणून ओरडायचं. वडिलांनंतर हे काम माझ्याकडे आलं आणि मी त्याचं पार नाटक करून टाकलं. आजारपणं, नोकऱ्या, पोरांची लग्नं झाली की शेवटी मी आमच्या माजी नगरसेवकावर यायचो. गल्लीतल्या गटारावर नवी झाकणं बसली ती फक्त कागदावर. चौकशी सुरू आहे, कोर्टात अजून काहीच नाही. पण आमचा निकाल कधीच लागला होता. ‘ह्या झाकणचोराचा वाटोळा कर रे महाराजा!’ असं मी म्हणायचो, आणि मग जो गजर उठायचा, त्यानं समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत यायचे.

यंदा पूजेला बसायचा मान तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना होता. काका एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. तिथली तांब्याची तार गेली आणि आळ काकांवर आला. नोकरी सुटली, केस वर्षानुवर्षं चालली, शेवटी ते निर्दोष सुटले. तेवढ्या काळात त्यांना ‘पूजेला बसा’ असं कोणी म्हटलं नाही. ‘बसू नका’ असंही कोणी म्हटलं नाही. दरवर्षी दुसरंच कोणीतरी सुचायचं.

पूजेच्या आदल्या दिवशी काकू घरी आल्या. चहाही नको म्हणाल्या.

“तू उद्या त्या नगरसेवकाला चोर म्हणणार?”

“म्हणजे काय काकू! लोक त्यासाठीच तर थांबतात.”

“कोर्टानं म्हटलंय?”

“अहो, सगळ्यांना माहितीये ना!”

“आमचंही सगळ्यांना माहिती होतं,” काकू म्हणाल्या. “तुझ्या तोंडून तो शब्द निघाला, की ह्यांनी पाटावर बसून राहायचं की उठायचं, तेवढं सांग.”

त्या गेल्यावर मी नवं गाऱ्हाणं जुळवायला बसलो आणि बायकोला म्हणून दाखवलं, “‘सदर इसमावर जे आरोप आसत, ते सिद्ध झाले तर आणि तरच...’”

“हे गाऱ्हाणं आहे की जामिनाचा अर्ज?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आरतीला खुद्द माजी नगरसेवक हजर! निवडणुकीचे वारे वाहू लागले की त्यांना आमचा सत्यनारायण आठवतो. तेही कोकणातलेच. अगदी पुढे, काकांच्या पाटाला लागून बसले. काका नव्या सोवळ्यात ताठ, आणि नजर माझ्या तोंडावर.

मी सुरुवात केली. आजारपणांना दणदणीत ‘व्हय’, नोकऱ्यांना त्याहून मोठा. मग मी गटाराकडे वळलो तसे सगळे सरसावून बसले.

“महाराजा, आमच्या गटाराची झाकणां खंय गेली, ता अजून कोर्टात ठरूक नाय...”

इथे ‘व्हय’ म्हणायचं की नाही, कोणाला कळेना. मागून एक अर्धा ‘व्ह’ आला आणि विरला.

“म्हणान कोणाचा नाव घेवचा नाय...”

काकूंनी पदर सारखा केला. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण समोर भरलेलं सभागृह दिसलं की माझी जीभ थांबत नाही.

“पण जेका ता ठावक आसा, तो हयसर बसलेलो आसात, तर तेका खरा बोलूची बुद्धी दी रे महाराजा!”

सगळ्यांच्या माना नगरसेवकाकडे वळल्या. ते डोळे मिटून, हात जोडून बसले होते. ‘रे महाराजा’ कानावर पडलं की पुढे काय म्हणायचं, हे लहानपणापासून घशात बसलेलं. सगळे गप्प असताना एकट्याचा खणखणीत आवाज घुमला, “व्हय महाराजा!”

काका पाटावरून अर्धे उठले, त्यांनी नगरसेवकाचा हात घट्ट धरला आणि कळवळून ओरडले, “अरे मेल्या, वकिलाक इचारल्याशिवाय व्हय काय म्हणतंस!”